म्हसवडच्या पेटीचं बूच

अण्णा, आज सकाळी फौजीकाका येऊन गेले. म्हसवडचे, पलटणीतनं सुटून आल्यावर माळावर डाळिंब लावणारे तुमचे दोस्त. वय झालंय, कानानं कमी ऐकू येतं, पण पाठ अजून ताठ आहे. दुकानाच्या पायरीवर त्यांनी एक खताचं पोतं ठेवलं आणि म्हणाले, "पोरी, पोरांनी हिरीवर सोलर बसावलं. मोटारीची जुनी खोली पाडली. ही पेटी भंगारात घालाय मन हुईना. तुमच्या दुकानची हाय, तूच ठेव." पोत्याचं तोंड सोडायच्या आधीच आत काय आहे ते मला कळलं. वीस वर्षं झाली त्या गोष्टीला, अठरा वर्षं झाली तुम्हाला जाऊन, तरी म्हसवडच्या स्टार्टरचं नाव निघालं की माझी मान आपोआप खाली जाते. आज सकाळपर्यंत जात होती, असं म्हणायला पाहिजे. आता दुपारचे तीन वाजलेत, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आणि मी जुन्या बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदांवर तुम्हाला हे लिहायला बसलेय. तुम्हाला सगळं माहीतच आहे. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, हेच तर आज कळलं. पण मला एकदा ते ओळीनं लिहून काढू द्या, कारण सकाळपासून माझ्या डोक्यात कशाचा कशाला मेळ नाही.

आयटीआय करून मी दुकानात आले तेव्हा पहिली दोन वर्षं तुम्ही मला एकही स्टार्टर विकू दिला नाहीत. नुसत्या विहिरी दाखवल्यात. मोटारसायकलवर मागं बसवून कुंडलच्या उसातल्या विहिरी, कडेगावच्या पलीकडच्या माळावरच्या विहिरी. गिऱ्हाईक मोटार किती हॉर्सपॉवरची ते सांगून गप्प बसायचं, आणि तुमचे प्रश्न तिथनं सुरू व्हायचे. पेटी कुठल्या भिंतीला टांगणार? त्या भिंतीवर ऊन कधी येतं? वर पत्रा आहे का कौलं? जवळनं ट्रॅक्टरची वाट जाते का? माणूस वैतागायचा. एकदा एक जण म्हणाला, "आवं अण्णा, मोटारीला स्टार्टर पायजे, पोरीला स्थळ न्हाई बघायचं." तुम्ही शांतपणे म्हणालात, "स्थळ चुकलं तर पोरगी आपल्या पायानं माघारी येती. स्टार्टर चुकला तर मोटार हिरीतनं वर काढाय चार माणसं लागत्यात." मी मागं उभी राहून हसू दाबत होते. आजही नवीन गिऱ्हाईक आलं की मी ते वाक्य वापरते आणि माझं म्हणून खपवते.

उन्हाची गोष्ट तुम्ही मला चटका देऊन शिकवलीत. कडेगावच्या बाजूला एक पत्र्याची खोली होती, चैत्रातली दुपार होती, आणि तुम्ही म्हणालात, ठेव हात पेटीवर. मी ठेवला आणि झटक्यात काढला. "आता आतल्या रिलेचा इचार कर," तुम्ही म्हणालात. मोटार जास्त करंट ओढायला लागली की रिले तापतो आणि स्टार्टर उडवतो, म्हणजे मोटार वाचते. पण पेटीच तव्यासारखी तापली तर रिलेला वाटतं मोटारच तापली, आणि तो विनाकारण उडत राहतो. मग शेतकरी काय करतो, तर रिलेचा स्क्रू पिळतो. आज थोडा, उद्या थोडा, शेवटी पार टोकापर्यंत. मग रिले उडायचाच बंद होतो आणि एके दिवशी मोटार जळते. म्हणून गरम जागेला एक माप मोठी पेटी, आत हवा राहावी म्हणून. रिले असा घ्यायचा की जो भोवतालच्या उष्णतेनं फसत नाही. टांगायची उत्तरेच्या भिंतीला. आणि धूळ असेल तिथं दाराला रबराची पट्टी, केबल खालच्या अंगानं आत, आणि जे भोक वापरात नाही त्याला घट्ट बूच. एवढं सगळं तुम्ही एका दमात सांगत नव्हता, एका विहिरीला एक असं सांगायचात.

आणि पालीचं. दुरुस्तीला आलेली पेटी उघडायच्या आधी तुम्ही तिच्यावर दोनदा टिचकी मारायचात, आत पाल असली तर तिला निघून जायला सवड मिळावी म्हणून. मुंग्या निघाल्या तर मऊ ब्रशनं कागदावर घेऊन समोरच्या लिंबाखाली नेऊन सोडायचात, आणि गिऱ्हाईक तिथंच ताटकळत. साऱ्या पंचक्रोशीत हसायचे आपल्याला, की जैनाच्या दुकानात मुंगीचं काम आधी आणि माणसाचं मागनं. मला त्याचा अभिमान होता अण्णा. मीही टिचकी मारते. आज सकाळीही मारली.

फौजीकाकांचा स्टार्टर हा मी निवडलेला पहिला स्टार्टर. तुम्ही म्हणालात, आक्का, या खेपंला तू. मी म्हसवडला जाऊन त्यांची विहीर बघितली. आपल्या काळ्या रानातली धूळ अंगाला चिकटते, तिकडची पिठासारखी उडते आणि जिथं सुई जाणार नाही तिथं जाते. मी एक माप मोठी पेटी घेतली, दाराची पट्टी दोनदा तपासली, उत्तरेची भिंत धरली. वापरात नसलेल्या भोकाचं कंपनीचं बूच त्या उन्हात दोन वर्षांत तडकणार हे मला दिसत होतं, म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं जाड रबर कापून मी नवीन बूच बनवलं. पहिलंवहिलं काम म्हणून त्याच्या आतल्या अंगाला ब्लेडनं दोन तिरक्या खुणा केल्या. पोरकटपणाच. तुम्ही पेटी उलटसुलट करून बघितलीत आणि म्हणालात, "जमलं." तेवढा एक शब्द ऐकायला मी दोन वर्षं थांबले होते. घरी येऊन आईला तीनदा सांगितलं.

मग वैशाखात मोटार जळली. ऐन उन्हात, डाळिंबाचा पहिला बहार झाडावर असताना. मोटार वर काढून, आतली जळलेली तार नव्यानं भरून आणेपर्यंत बारा दिवस गेले आणि तेवढ्यात फळं सुकून गळाली, अर्धी बाग वाळली. निरोप आला तेव्हा मी चप्पल घालून तयार झाले होते, पण तुम्ही मला नेलं नाहीत. एकटे गेलात. दुसऱ्या दिवशी परत आलात तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती, मी गल्ल्यापाशी होते. तुम्ही टोपीसुद्धा काढली नाहीत. सगळ्यांपुढं म्हणालात, "भोक उघडं ऱ्हायलंय. धूळ, मुंग्या, सगळं आत. एक फेज लागंना झाला आन् मोटार गेली. बूच बसवलंच न्हाईस तू." मी म्हटलं, अण्णा, बसवलं होतं, तुम्ही बघितलंत. तुम्ही म्हणालात, "हितं बसवलं हुतंस. तिथं केबल वडताना काढलं असशील आन् इसरलीस. मी डोळ्यानं बघून आलोय." आणि मग ते वाक्य, जे मी वीस वर्षं पाठ म्हणतेय: "हात शिकला न्हाई तुझा अजून. आजपासनं फुडं बसायचं न्हाई. मागं बसून मोटारी भर." चारी माणसं माझ्याकडं बघत होती. त्यातला एक जण नंतर पारावर बसून काय बोलला ते आठ दिवसांत सगळ्या गावाला ठाऊक झालं.

मला ते पटलं, अण्णा. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. पहिल्या दिवशी मी मनात भांडत होते की नाही, मी बसवलं होतं, अंगठ्यानं दाबलं होतं. पण तुम्ही खोटं बोलाल हे माझ्या स्वप्नातही येण्यासारखं नव्हतं, म्हणजे चुकत असणार तर मीच. मागच्या खोलीत तारेचे वेढे घालत मी तो दिवस आठवत राहिले, आणि महिन्याभरात मला ते दिसायला लागलं. मी केबल ओढतेय, बूच काढतेय, खोलीच्या उंबऱ्यावर ठेवतेय, काका पाणी घेऊन येतात, मी विसरते. उंबऱ्यावरचं ते काळं बूच मला इतकं स्पष्ट दिसायचं की मी कुणापुढंही शपथेवर सांगितलं असतं.

तुम्ही मला बोललात त्या संध्याकाळी आईनं नेहमीसारखी दिवस मावळायच्या आत पानं घेतली. भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी. स्वयंपाकघराच्या पश्चिमेच्या खिडकीतनं ऊन तुमच्या ताटावर पडलंय आणि तुम्ही हात धुऊन बसलाय, पण घास उचलत नाही. ऊन ताटावरनं पाटावर येतं, पाटावरनं जमिनीवर, मग जातंच. दिवस मावळला तसं तुम्ही ताट सारलंत आणि उठलात. मावळल्यावर तुम्ही पाण्यालाही शिवत नसा. आई मला हळूच म्हणाली, "बघ, तुझ्यापायी उपाशी निजले." मी भांडी घासताना त्याच गोष्टीवर रडले, की माझ्यामुळं माझा बाप उपाशी राहिला.

पुढं श्रावणात तुम्ही मागच्या खोलीत आलात आणि तुमचा टाँग टेस्टर, त्याच्या चामडी पिशवीसकट, माझ्यापुढं ठेवलात. करंट मोजायचं ते यंत्र तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हता. "हे तुझं," म्हणालात आणि गेलात. पिशवीच्या तळाशी ट्यूबच्या रबराचं एक बूच होतं. मी कापलेलं असणार हे ओळखलं, तशी बुचं मी बरीच करून ठेवली होती. वाटलं, अण्णांनी पोरीच्या हातचं म्हणून एक जपून ठेवलंय, म्हणजे राग गेला. मी ते तिथंच राहू दिलं. मग भाद्रपद आला, क्षमावणीचा दिवस आला. दर वर्षी तुम्ही हात जोडून घरात, दुकानात, गल्लीत फिरायचात, जाणता-अजाणता काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणत, आणि इतक्या भरभर की समोरचा हात जोडेपर्यंत तुम्ही पुढच्याकडं. त्या वर्षी माझ्यापुढं येऊन उभे राहिलात आणि उभेच राहिलात. ओठ हलले, आवाज आला नाही. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मीच खाली वाकले आणि म्हटलं, अण्णा, क्षमा मी मागायची, तुमच्या नावाला माझ्यामुळं बट्टा लागला. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. आता तो हात आठवला की डोक्याला कसंसंच होतं.

तुम्ही गेल्यावर दुकान माझ्याकडं आलं, पण गिऱ्हाईक आलं नाही. "बाईच्या हातचा नको, म्हसवडची बाग वाळवली तिनं," हे माझ्या तोंडावर बोलले लोक. मी पेट्या फुकट बसवून दिल्या, वर्षभर वापरा, मग बघू म्हटलं. हळूहळू बसली घडी. आता सोलरवाले आले, मोबाइलवरनं चालू होणारे स्टार्टर आले, तेही आपल्याकडं मिळतात, आणि त्यांच्याही पेटीत धूळ तीच आणि मुंग्या त्याच. लोक आता म्हणतात की ताईच्या दुकानचा स्टार्टर डोळे झाकून घ्यावा. पण त्यामागं काय आहे ते त्यांना माहीत नाही. दुकानातनं बाहेर जाणाऱ्या पेटीचं प्रत्येक बूच मी अंगठ्यानं तीनदा दाबते. कधीकधी गिऱ्हाइकाची गाडी थांबवून परत दाबते. आपले मिस्त्री, म्हणजे तुमच्यानंतर आलेले, कडेगावचे, चौदा वर्षं झाली त्यांना, मला चिडवायचे, "ताई, बूच हाय, नवस न्हाई. तीन डाव कशाला?" हल्ली चिडवत नाहीत. उलट स्वतःच प्रत्येक पेटी दार लावायच्या आधी माझ्यापुढं आणून धरतात आणि म्हणतात, बघून घ्या. मला वाटलं, वयानं माणूस सावध होतो.

तर आज सकाळी मी ती पेटी टेबलावर घेतली आणि सवयीनं दोन टिचक्या मारल्या. फौजीकाका हसले. "बापाची लेक," म्हणाले. मी दार उघडलं. वरच्या कोपऱ्यात पत्र्याला दोन पांढरी टरफलं चिकटलेली होती, हरभऱ्याएवढी. काकांनी चष्मा सारखा करून आत डोकावून बघितलं आणि खूश होऊन म्हणाले, "हायत की गं अजून. तुझ्या अण्णाची अंडी. या दोन अंड्यांपायी माझा बहार गेला." मी म्हटलं, काका, कसली अंडी? त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांचं हसू गेलं. "आगं, तुला सांगितलं न्हाई व्हय अण्णानं? मला वाटलं, जायच्या आदी सांगितलं असंल."

मग त्यांनी सांगितलं. चैत्रात तुम्ही दहिवडीकडं कामाला गेला होतात, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्या विहिरीवर गेलात, पोरीचं काम बघायला. काकांनी त्याआधी काहीतरी बघायला पेटीचं दार उघडलं होतं आणि दोन दिवस तसंच ठेवलं होतं. तेवढ्यात पाल आत शिरून अंडी घालून बसली होती. तुम्ही म्हणालात, दार लावलं तर पिल्लं आत कोंडून मरतील. म्हणून तुम्ही खालचं बूच काढलंत, भोकाची कड कानशीनं घासून गुळगुळीत केलीत, पिल्लांच्या पोटाला लागू नये म्हणून, आणि बूच खिशात टाकलंत. "म्हनलं, फौजी, म्हैनाभर राहू दे असंच. पिल्लं भायेर पडली की मी सोता यीऊन बूच लावतो. आन् मग लग्नसराई आली, तुझा अण्णा काय आला न्हाई," काका म्हणाले. "आन् मोटार जळल्यावर आला तवा खोलीत खालीच बसला. माझं हात धरलं. म्हनला, लोक म्हनतील पालीच्या अंड्यांसाठी गिऱ्हाइकाची बाग वाळावली, उद्या माझ्याकडं कोन यील? पोरगी नवी हाय, नव्याची चूक लोक पोटात घालत्यात. तू गप ऱ्हा. दार मीच उघडं ठिवलं हुतं, म्हून मी बी गप बसलो." जाताना ते म्हणाले, "पोरी, मला खरंच वाटलं तुला ठावं हाय," आणि पायरी उतरताना त्यांची पाठ मला पहिल्यांदा वाकलेली दिसली.

ते गेल्यावर मी कपाटातनं तुमची चामडी पिशवी काढली. टाँग टेस्टर बाजूला ठेवला, तळाचं बूच काढलं आणि उलटं केलं. वीस वर्षांत मी ते एकदाही उलटं करून बघितलं नव्हतं. आतल्या अंगाला मळ साचला होता, तो मी पदरानं पुसला. दोन तिरक्या खुणा. खाली बसले तिथंच, फरशीवर. मग उठून ते बूच पेटीच्या भोकाशी नेलं, मोटार जळल्यावर तुम्ही जाऊन लावलेलं कंपनीचं तडकलेलं बूच काढून टाकलं, आणि माझं बसवलं. बसलं. आजही इतकं घट्ट की काढायला स्क्रू-ड्रायव्हर लागला.

अण्णा, भोक उघडं ठेवलंत ते मला कळतं. मीही तेच केलं असतं, पाल बघून माझाही हात थबकला असता. विसरलात, तेही कळतं. चैत्र-वैशाखात आपल्या धंद्यात माणसाला स्वतःचं नाव आठवत नाही. पण त्या दिवशी भरल्या दुकानात तुम्ही मला म्हणालात की मी डोळ्यानं बघून आलोय, तेव्हा ते बूच कुठं होतं? तुमच्या खिशात होतं का? मी समोर उभी राहून रडत होते आणि ते तुमच्या सदऱ्याच्या खिशात होतं का? मुंगीला कागदावर घेऊन लिंबाखाली नेणारा माणूस पोटच्या पोरीला चार माणसांत उभं करून तिच्या डोक्यात एक न घडलेला दिवस भरतो, हे मला कुठंच बसवता येत नाही. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ते हेच. नव्याची चूक लोक पोटात घालतात म्हणालात ना? नाही घातली. तुमची घातली असती. तुम्ही म्हातारे, देवमाणूस, पालीच्या अंड्यांची गोष्ट लोकांनी कौतुकानं सांगितली असती. इतकी साधी गोष्ट तुम्हाला कशी कळली नाही? का कळली होती, आणि चार जणांच्या हसण्याचीच भीती जास्त वाटली? आणि पिशवीत ते बूच का ठेवलंत? मी उलटं करून बघेन म्हणून, की बघणार नाही म्हणून?

इथवर लिहिलं आणि मिस्त्री आले. हातात कुंडलला जायची पेटी. ती माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "ताई, बघून घ्या." मी वर बघितलं. माझे डोळे सुजलेले असणार, पण ते माझ्याकडं बघत नव्हते, पेटीकडं बघत होते. आणि हे ते कधीपासून करायला लागले ते मला एकदम आठवलं.

पंधरा दिवसांपूर्वी कुंडलच्या एका विहिरीवरची मोटार जळली. ती पेटी मी तपासली होती. दुपारी दुकानात चालवून बघताना रिले सारखा उडत होता म्हणून मी स्वतः त्याचा स्क्रू वर फिरवला, फोन वाजला, आणि परत खाली आणायचा राहिला. तुम्ही मला चटका देऊन शिकवलेली गोष्ट, आणि तीच मी चुकले. गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज चढलेला होता, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या मिस्त्रींकडनं राहिलं असेल." एवढंच. मला हात धरावे लागले नाहीत कुणाचे, की खाली बसावं लागलं नाही. मिस्त्री समोरच मोटार भरत बसले होते. त्यांचा हात थांबला आणि परत चालू झाला. मी ते बघितलं. बघितलं आणि चहा सांगितला. त्यांनी घेतला नाही, पित्त झालंय म्हणाले. मी तेही मानलं. आपलं ठेवायचं झाकून म्हणतात, तसं मी इतकं झाकलं की माझं मलाही दिसेना, आणि आज सकाळपासून तुमचं तेवढं वाकून वाकून बघतेय.

मी पेटी बाजूला ठेवली आणि विचारलं, मिस्त्री, कुंडलच्या त्या जळलेल्या मोटारीच्या पेटीचा स्क्रू कोणी फिरवला होता? त्यांनी खांद्यावरच्या फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "मीच असंल, ताई. पैल्यांदा वाटलं न्हाई म्हून. पर आता आठवतंय तसं. बाजारच्या दिवशी, दुपारचं, फिरावल्यागत वाटतंय मला."

अण्णा, त्या माणसाला दिसायला लागलंय ते.

मला तेव्हाच बोलायचं होतं, पण तोंड उघडलं नाही. नुसती मान हलवली, आणि ते मागच्या खोलीत गेले. ते मागं गेल्याला आता दहा मिनिटं झाली असतील. भाद्रपद अजून चार महिने लांब आहे, आणि तेव्हा हात जोडून सगळ्यांना एकसारखं काय म्हणायचं ते मला येतं. कुंडलच्या गिऱ्हाइकाचा नंबर समोर आहे. मिस्त्रींना बाहेर बोलवायचं, फोनचा स्पीकर लावायचा आणि म्हणायचं की तो स्क्रू मी फिरवला होता. चार वाक्यांचं काम आहे. मी दोनदा फोन उचलला आणि दोनदा ठेवला. मला भीती वाटतेय. गिऱ्हाइकाची नाही, तो ओरडेल आणि गप्प बसेल. मी बोलत असताना मिस्त्री माझ्याकडं बघतील, त्याची वाटतेय. तुम्ही माझ्यापुढं हात जोडून उभे होतात तेव्हा तुम्हालाही हीच वाटली असेल, हे आज पहिल्यांदा माझ्या मनात आलं. म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. ते मला अजून जमलेलं नाही. लिहिता लिहिता संध्याकाळ झालीय. मागच्या खोलीत नळाचा आवाज येतोय, मिस्त्री हातपाय धुताहेत, पाच मिनिटांत सायकल काढतील. मी हे इथंच टाकते आणि त्यांना हाक मारते.